तिसरं रीळ

तो सिनेमा मी अजूनही अधूनमधून लावते. लावला की आधी आवाज बंद करते. मूळचा मूकपट, पण नंतर कुणीतरी त्याला पियानो चिकटवलाय, आणि पियानो सुरू झाला की मला कांबळेकाका ऐकू येत नाहीत. आवाज बंद केला की येतात. पडद्यावर धुरकट बंदर दिसतं, जहाज धक्क्याला लागतं आणि काका म्हणतात, "आता बगा मंडळी, ही पाण्यातली यष्टी. हिला चाक न्हाई, कंडक्टर हाय."

काकांना जाऊन काही वर्षं झाली. त्यांचं चरित्र मला सांगता येणार नाही. शाळा कुठली, लहानपण कसं गेलं, काकू कशाने गेल्या, यातलं मी काहीच विचारलं नाही. मला तेव्हा कुणालाच काही विचारता येत नसे. लातूरला त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी वर्षभरसुद्धा राहिले नाही. शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेच ते वर्ष.

मी नांदेडची. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी घरातल्या घरात वापरायची भाषा होती. बाहेर नेली की अडखळायची. लातूरच्या एका क्लासमध्ये मला प्रश्नपत्रिका काढायचं आणि तपासायचं काम मिळालं. त्यात कुणाशी बोलावं लागत नसे, म्हणूनच मी ते घेतलं होतं.

काका बुटके, एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. गावोगाव फिरून पडद्यावर माहितीपट दाखवणाऱ्या गाडीवर ते ऑपरेटर होते. नोकरी सुटली, पण जागा सुटली नाही: लग्न असो, मयत असो, नगरसेवकाची सभा असो, काका सगळ्यांच्या मागे उभे. कुणी खुर्ची दिली तर म्हणत, "पुढं बसलं की सिनेमा दिसतो. मागं उभारलं की माणसं दिसतेत." चालू असलेल्या कुठल्याही यंत्रावर ते जाता जाता तळहात धरत. मिक्सर, पंख्याचं बटण, माझा मोबाइल. तापलंय का बघत. त्यांच्या आणि दिव्याच्या मधून कुणी गेलं की नकळत मान बाजूला काढत. आणि पाणी वाचवायचं म्हणून शर्ट आधी सुलट घालायचे, मग तोच उलट. शिवण बाहेर आलेली दिसली की गल्लीतली माणसं विचारत, "काय काका, इंटरवल झालं वाटतं?"

"झालं. आता मारामारी," काका म्हणत.

माझी त्यांच्याशी पहिली खरी ओळख टँकरच्या रांगेत झाली. टँकर कधी येईल याचा नेम नसे, म्हणून घागरी आधीच रांगेत लावून ठेवायच्या आणि माणसांनी सावलीला बसायचं, अशी गल्लीची पद्धत. टँकर आला की मात्र घागरी जागा बदलत. त्या दिवशी दोन बायका अशाच समोरासमोर आल्या. आवाज चढला. माणसं मधे पडायला लागली तसा तो आणखी चढला. तेवढ्यात रांगेच्या शेवटून काकांचा भारदस्त आवाज आला, "आता बगा मंडळी, डावीकडून निळी घागर येती. निळी घागर म्हणती, मी सकाळधरनं हितंच हाय. हिरवी बादली म्हणती, मी तर तुझ्या आईच्या लग्नापासनं हाय."

निळ्या घागरीवाल्या बाईला हसू आवरेना, पण तिने सोडलं नाही. "काका, माझी घागर बोलत नसती. मी बोलते."

"मग तुम्ही बोला की. घागरीला गप पाणी भरू द्या."

रांग हसली आणि सरकली. काका बाजूला वळले आणि माझ्या हातातल्या कळशीकडे बघून म्हणाले, "म्याडम, तुमची कळशी काहीच बोलंना."

मी नुसती हसले.

"मूकपट हाय," त्यांनी स्वतःलाच सांगितलं. "चालतंय. मूकपटावरच आपली नोकरी झाली."

ती गोष्ट मला मग तुकड्यातुकड्यांनी कळली, संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर. मी वरच्या पायरीवर बसायची, काका खालच्या, आणि त्यांची सून रेणुका दारात शेंगा फोडत. लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा काका नोकरीला नवेच लागले होते. तेव्हाही दुष्काळच होता. जुन्या जिल्ह्याच्या कचेरीची वाटणी झाली, भावाभावांची होते तशीच: कपाटं, टेबलं, पंखे. त्यात सिनेमाची रिळंही आली. विहिरी, लसी, खतं यांचे माहितीपट बघायला गावातलं माणूस बसत नसे, म्हणून त्यांच्या शेवटी दाखवायला एक जुना परदेशी विनोदी मूकपट होता. तीन डब्यांत तीन रिळं. वाटणी करणाऱ्या कारकुनाने तीन डबे म्हणजे तीन सिनेमे धरले. दोन नव्या जिल्ह्याला दिले, एक जुन्याने ठेवला.

"वर उपकार सांगितले," काका म्हणाले. "म्हणे, बगा, तुम्हाला एक जास्तीचा दिलाव."

जुन्या जिल्ह्यात राहिला तो तिसरा डबा. म्हणजे शेवट.

गोष्ट अशी. दोन माणसं, एक उंच, एक बुटका, परक्या देशातून जहाजाने एका मोठ्या शहरात येतात. एकमेकांची भाषा येत नाही. दोघांत मिळून एकच पत्र्याची ट्रंक, एका कडीला हा, दुसऱ्या कडीला तो. एकाच इमारतीत वर-खाली राहतात. एकाला मुलगा, एकाला मुलगी. मुलं मोठी होतात, खिडकीतून खिडकीत चिठ्ठ्या जातात. बापांना कळतं. दुसऱ्या रिळाच्या शेवटी दोघे बाप करवत आणतात आणि ती ट्रंक मधोमध कापतात. तिथे रीळ संपायचं आणि पडदा पांढरा व्हायचा.

काकांच्या सांगण्यात उंच माणूस देगलूरचा होता, बुटका निलंग्याचा, आणि शहर मुंबई. इंग्रजी पाट्या आल्या की वाचायचं कुणाला? ते आपल्या मनाने बोलत. पण त्याला एक नियम होता. "आधी चित्र, मग तोंड," ते म्हणत. "चित्राच्या आधी बोललं की खोटं पडतंय."

पहिल्यांदा हा सिनेमा त्यांनी किल्लारीकडच्या एका गावात दाखवला. ते गाव नंतर भूकंपात गेलं. ट्रंक कापली, पडदा पांढरा झाला आणि कुणी उठेना. शेवट दाखवल्याशिवाय गाडी जाऊ देणार नाही, असं गावाने ठरवलं. मग काकांनी दिवा तसाच चालू ठेवला, आणि माणसं त्या कोऱ्या उजेडाकडे बघत असताना तोंडाने शेवट सांगितला. पोरगी पळून जात नाही, पोरगा विहिरीत उडी मारत नाही. दोन्ही बाप अर्धी अर्धी ट्रंक घेऊन येतात आणि लग्न लावतात. सगळ्यांचं समाधान झालं. फक्त एक म्हातारी उभी राहिली.

"जेवायला काय होतं?"

काका म्हणाले, "लाडू, वरण, भात."

"आन् दुष्काळात?"

सगळं गाव त्यांच्याकडे बघायला लागलं. काका म्हणाले, "तिकडंबी दुष्काळच होता, आजी. पिठलं-भाकरी केली. पाणी मात्र पोटभर."

म्हातारी बसली. तेव्हापासून कोरडवाहू गावात त्या लग्नाला पिठलं आणि धरणाच्या पाण्याखालच्या गावात बुंदी, असं ठरून गेलं.

हे सांगताना दर वेळी एक नाव यायचं आणि काका ते ओलांडून पुढे जायचे. ते नाव व्यंकटरावांचं. गाडीचे ड्रायव्हर, आणि जनरेटरही त्यांच्याच ताब्यात. नायगावचे, घरात तेलुगू बोलणारे. दोघेही नव्या जागी परके, सरकारी क्वार्टरमध्ये वर-खाली राहायचे. माहितीपट सुरू असताना व्यंकटराव गाडीत झोपत आणि शेवटाच्या वेळी बरोबर उठून मागच्या पायरीवर बिडी घेऊन बसत. पांढऱ्या पडद्यावर दिवा जळत असायचा, म्हणून काकांचा शेवट लांबला की ते हळूच म्हणत, "कांबळ्या, आज बापाला लवकर मानव. डिझेल कमी हाय."

व्यंकटराव हे रेणुकाचे वडील.

हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती आणि आत डब्यांच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, छोटासा बालाजी. त्यावरून मी जे समजायचं ते समजले. काकांचा मुलगा प्रशांत आणि रेणुका त्या वर-खालच्या क्वार्टरमध्येच वाढले होते. दोघांनी कचेरीत जाऊन लग्न केलं. व्यंकटराव तोवर निवृत्त होऊन नायगावला गेले होते. त्यांनी त्या दिवसापासून या घराशी बोलणं सोडलं. काका एकदाच त्याबद्दल बोलले. शर्ट उलटा घालत होते, तोंड झाकलेलं होतं.

"गावोगाव मी त्या बापाला मनवून दाखवलाव," ते शर्टातून म्हणाले. "आन् जनरेटर कोण चालवत होतं? ह्योच."

रेणुकाला आठवा महिना लागला होता. पहिली खेप. प्रशांत पुण्याला नोकरीला, चौघांच्या खोलीत. इथे नळ कोरडा, टँकरचा भरवसा नाही, दवाखान्यातसुद्धा पाणी जपून. बाळंतिणीला आणि बाळाला पाणी किती लागतं हे गल्लीतली प्रत्येक बाई तिला येऊन सांगत होती. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि नायगावला तिच्या आईच्या परसात बोअर अजून चालू होता. व्यंकटराव घरात नसताना आई फोन करायची आणि म्हणायची, ये.

"तू जा पोरी," काका म्हणायचे. "मी सोडतो नायगावच्या स्टँडपर्यंत. पुढं येत न्हाई."

"न्यायला माहेरचं माणूस आलं पाहिजे, मामा," रेणुका शेंगा फोडत म्हणायची. "आपणहून गेले तर ते परत पळून जाणंच झालं. एकदा पळाले तेवढं बास."

काका खाली पडलेली टरफलं गोळा करायला लागायचे.

त्यांनी मला बोलायला शिकवलं असं मी म्हटलं, तर त्यांना ते पटणार नाही. शिकवलं नाहीच. त्यांनी फक्त वाट बघितली. मी एखादं वाक्य सुरू करून मधेच शब्द शोधत बसले की बाकीचे लोक तो शब्द पुरवत. काका पुरवत नसत. पायरीवर बसून रस्त्याकडे बघत राहत, जणू रीळ बदलतंय. मग शब्द सापडायचा.

उन्हाळ्यात क्लासने मुलांना घरी पाठवलं. वसतिगृहात पाणी नव्हतं. मला काही दिवसांचं काम उरलं होतं, ते खोलीतच करायचं. एका दुपारी मी सहज तो सिनेमा इंटरनेटवर शोधायला लागले. नावं माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. दोन माणसं, जहाज, एक ट्रंक, करवत, असं टाकत गेले. बराच वेळ भलतंच येत राहिलं. मग एक बंदर दिसलं, धुरकट, आणि एका ट्रंकेच्या दोन कड्या धरून दोन माणसं फळीवरून उतरली. एक उंच, एक बुटका.

मी लॅपटॉप घेऊन खाली गेले आणि काही न बोलता काकांसमोर ठेवला. काका उभे राहूनच बघायला लागले. ओठ हलत होते. करवत आली तसा त्यांनी पडद्यावर तळहात ठेवला. मला वाटलं, तापलाय का बघतायत.

"ह्याच्या म्होरं हाय का?"

"आहे. सगळं आहे."

त्यांनी हात काढला नाही. "मग बंद करा. तिसरं एकट्यानं बगायचं न्हाई."

फोन मीच करायचा, असंही त्यांनीच ठरवलं, कारण त्यांचा नंबर व्यंकटराव उचलत नसत. मी आयुष्यात अनोळखी माणसाला फोन केला नव्हता. काय बोलायचं ते काकांनी सांगितलं: एवढंच सांगा, तिसरं रीळ सापडलं.

"कोण बोलून राहिलं?" पलीकडून आवाज आला.

"तिसरं रीळ सापडलं," मी म्हणाले.

पलीकडे काडी ओढल्याचा आवाज आला. मग, "कांबळ्याच्या घरून का?"

"हो. मी वरच्या खोलीत राहते."

फोन कट झाला. रेणुका दारातून आत निघून गेली. काका म्हणाले, "उचलला तर होता."

व्यंकटराव आले ते एका सकाळी, दोन्ही हातांत पाण्याने भरलेले दोन कॅन घेऊन. नायगावहून लातूरपर्यंत ते त्यांनी एसटीत पायाशी धरून आणले होते. उंच माणूस, धोतर, कपाळाला गंध. कॅन दाराच्या आत ठेवले आणि बाहेरच उभे राहिले.

"ह्या गावाला येताना रिकाम्या हातानं येत नसतेत म्हणे," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

"बस," काका म्हणाले.

"बसायला न्हाई आलो. दाखव काय दाखवून राहिला ते."

रेणुका पाण्याचा पेला घेऊन आली. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. "तुमच्याकडं न्हाई ते कशाला देऊन राहिलीस," म्हणाले, पण प्यायले. अर्धं ठेवलं.

काकांनी खिडकीला चादर लावली. पिठाच्या डब्यावर लॅपटॉप. रेणुका खुर्चीत, व्यंकटराव जमिनीवर, मी दाराशी, आणि काका सगळ्यांच्या मागे उभे. जहाज लागलं. "आता बगा मंडळी," काका सुरू झाले, आणि त्या बंद खोलीत पाण्यातली एसटी आली, देगलूरचा आला, निलंग्याचा आला. खिडकीतून चिठ्ठ्या गेल्या. रेणुका पोट धरून हसत होती. व्यंकटराव हसत नव्हते, पण त्यांनी बिडी काढली, तिच्याकडे बघून परत ठेवली.

ट्रंक कापली गेली. काका थांबले.

इथून पुढे त्यांच्याजवळ बोलणं नव्हतं. पडद्यावर माणसं धावायला लागली. एक पाटी आली, इंग्रजीत.

"वाचा म्याडम," काका मागून म्हणाले.

मी वाचलं. मराठीत वाचलं. 'पोरं पळाली.' मग खूप पळापळ, एक पोलीस, एक बोकड, भाजीची उलटलेली गाडी. मग 'एक वर्षानंतर.' एक घर, बंद दार. एकीकडून उंच बाप अर्धी ट्रंक घेऊन येतो, दुसरीकडून बुटका अर्धी ट्रंक घेऊन. दोघांनाही आधी आत जायचंय. दोघे एकदम घुसतात आणि दारात अडकतात. हात-पाय हलत राहतात. पडदा काळा.

"पुढं?" काका म्हणाले.

"संपला."

"लगीन दाखवलंच न्हाई की."

"न्हाई दाखवत," व्यंकटराव म्हणाले. "बोकड दाखवलं, लगीन न्हाई."

काका पुढे आले. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा पुढे आलेलं पाहिलं. "तुला काय म्हाईत बे?"

"गाडी दुरुस्तीला जुन्या जिल्ह्याला गेलो होतो, आठवते का? तिथल्या ऑपरेटरनं लावून दाखवलं. त्याच्याकडं नुसता शेवटच होता. बिचाऱ्याला सुरुवात म्हाईत नव्हती. मी सांगितली."

"आन् मला इतकी वर्षं बोलला न्हाईस?"

"बोलून काय करू? असल्या शेवटाला गाडी जाऊ दिली असती का कुण्या गावानं?" व्यंकटराव गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले. "तुझं बरं होतं. जेवण तरी असायचं."

 मग रेणुका म्हणाली, "नाना, तुम्ही ते रीळ पाहिलं होतं, तर मग आलात कशाला?"

व्यंकटराव पुरते उठले. खिडकीची चादर काढली, नीट घडी घातली, घडी तिच्या मांडीवर ठेवली. "पिशवी भर," म्हणाले. "उद्या उन्हाच्या आत निघायला पायजे."

काकांनी लॅपटॉपवर तळहात ठेवला आणि तो बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही त्यांच्याच गाडीने नांदेडला निघाले. माझं काम संपलं होतं. लातूरच्या स्टँडवर काका पोहोचवायला आले होते. त्या दिवशी शर्ट सुलट, इस्त्रीचा. व्यंकटरावांनी आणलेल्या पाण्यातून त्यांनी तो धुतला असावा. रेणुकाला खिडकीजवळ बसवलं, शेजारी व्यंकटराव, त्यांच्या मागे मी. काकांनी खिडकीतून पिशवी दिली, शेंगा दिल्या, पाण्याची बाटली दिली, बाटली परत घेऊन झाकण घट्ट केलं आणि पुन्हा दिली. रेणुकाने डोळ्यांना पदर लावला.

गाडी सुरू झाली. इंजिनाच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू येईना. काका खिडकीबरोबर चालत काहीतरी बोलत होते. ओठ हलताना दिसत होते, हात दिसत होते.

व्यंकटराव लेकीकडे वाकले. इतकी वर्षं गाडीच्या पायरीवर बसून ऐकलेला तो सूर त्यांनी बरोबर लावला.

"आता बगा मंडळी," ते म्हणाले. "ह्यो बुटका निलंग्याचा हाय. ह्यो काय म्हणून राहिला? म्हणते, पोहोचल्यावर फोन करा. म्हणते, व्यंकट्या, पोरीला ऊन लागू देऊ नको. म्हणते, मी रडून न्हाई राहिलो, डोळ्यात धूळ गेली."

रेणुका रडता रडता हसायला लागली. मी मागे वळून पाहिलं. काका थांबले होते. स्टँडवरची सगळी माणसं त्यांच्या मागे होती आणि ते सगळ्यांच्या पुढे, उन्हात, एकटे, एक हात वर करून.